मूळ चाके, रुंद टायर : १९९६ च्या ई २२० साठी केलेल्या कामाच्या नोंदी

गाडी मर्सिडीज ई २२०, म्हणजे कंपनीच्या सांकेतिक नावाने डब्ल्यू १२४, पेट्रोल, नोंदणी १९९६ ची. मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये भारतात मोटारींची जुळणी सुरू केली ती पिंपरीत टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात, आणि पहिले मॉडेल हेच होते. त्यामुळे ही गाडी अजूनही पुण्यात अधूनमधून दिसते आणि तिच्या टायरचा प्रश्न अनेकांपुढे येतो. मूळ अलॉय चाके तशीच ठेवून, बॉडी कोठेही न कापता आणि चाकामागे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती, न लावता मूळ १९५/६५ आर १५ पेक्षा (रुंदी १९५ मिमी, टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) रुंद टायर बसवायचे, एवढेच या कामाचे उद्दिष्ट होते. हेच काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून मापे, खर्च आणि वाया गेलेला वेळ यांसह या नोंदी ठेवल्या आहेत.

९ फेब्रुवारी २०२५

जुने टायर तपासले. नक्षीची खोली सरासरी ३ मिमी आहे, म्हणजे कायद्याच्या १.६ मिमीच्या मर्यादेपेक्षा जास्त. पण साइडवॉलवरील तारखेचा शिक्का ३२१७ असा आहे, म्हणजे टायर २०१७ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेले आहेत. रबर कडक झाले आहे आणि नक्षीच्या खोबणींच्या तळाशी बारीक भेगा दिसतात. नक्षी शिल्लक आहे एवढ्यावर असे टायर चालवत राहणे मला मान्य नाही, विशेषतः द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर, जिथे गाडी तासभर एकाच वेगाने धावते आणि टायर चांगलाच तापतो.

चाक उतरवून रिमच्या आतील बाजूचा शिक्का वाचला : साडेसहा जे × १५ एच २, म्हणजे रुंदी साडेसहा इंच आणि व्यास १५ इंच. रुंदीचा सारा विचार या साडेसहा इंचांपासून सुरू होतो, त्यामुळे टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येकाने हा शिक्का स्वतः वाचावा. या गाड्या आता तिशीच्या घरात आहेत आणि मधल्या काळात कोणी कोणती चाके बसवली असतील हे सांगता येत नाही. माझ्या गाडीची पाचही चाके, म्हणजे स्टेपनी धरून, एकाच मापाची निघाली. या गोष्टीचा पुढे उपयोग झाला.

१२ फेब्रुवारी

कागदावरचे काम. मूळ १९५/६५ आर १५ चा बाहेरील व्यास ६३४.५ मिमी येतो. त्याच्याशी तीन पर्याय ताडून पाहिले.

२०५/६० चा व्यास ६२७ मिमी, म्हणजे मूळ मापापेक्षा सव्वा टक्का कमी. रुंद टायर म्हटले की बहुतेक जण प्रथम हेच माप सुचवतात. मात्र त्यात साइडवॉलची उंची १२७ वरून १२३ मिमीवर येते आणि गाडी जवळजवळ ४ मिमी खाली बसते. गुळगुळीत रस्त्यावर ते चालून जाईल. पण आपल्याकडे सोसायटीच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत जे गतिरोधक आणि चरांवरचे डांबरी उंचवटे लागतात, त्यांवर साइडवॉलचा प्रत्येक मिलिमीटर रिमला वाचवत असतो. रुंदी मिळवण्यासाठी उंची देऊन टाकायची हा सौदा पुण्यात मला परवडणारा वाटत नाही.

२१५/६० चा व्यास ६३९ मिमी, फरक जेमतेम पाऊण टक्का. स्पीडोमीटरच्या दृष्टीने हेच सर्वांत नेमके माप आहे आणि साडेसहा इंची रिम हीच त्याची प्रमाण रिम आहे. अडचण रुंदीची आहे. या रिमवर त्याची प्रत्यक्ष रुंदी २२१ मिमी होते, तर मूळ टायरची २०६. म्हणजे आत आणि बाहेर प्रत्येकी साडेसात मिमी जागा कमी होते.

२०५/६५ चा व्यास ६४७.५ मिमी, दोन टक्के जास्त. साइडवॉल १३३ मिमी. या रिमवर रुंदी साधारण २१४ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना ४ मिमीच वाढते. रिमची मान्य रुंदी साडेपाच ते साडेसात इंच असल्याने साडेसहा इंची रिम अगदी मधोमध बसते. वजन पेलण्याचा निर्देशांकही ९१ वरून ९४ वर जातो, म्हणजे प्रत्येक टायरमागे ६१५ ऐवजी ६७० किलो.

२२५ चा विचार केला नाही. रिमच्या तक्त्यात २२५/६० ला साडेसहा इंच चालतात, पण त्याचा व्यास ६५१ मिमी होतो आणि पुढच्या चाकावरील बॉडीच्या कमानीत एवढी जागा दिसत नाही.

१५ फेब्रुवारी

पुढच्या चाकाभोवतीची जागा मोजली. स्टीअरिंग पूर्ण वळवून आतील प्लास्टिकच्या अस्तरापर्यंतचे, शॉक अॅब्सॉर्बरपर्यंतचे आणि कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर घेतले. शॉक अॅब्सॉर्बरकडे भरपूर जागा आहे. अस्तराकडे, चाकाच्या मागच्या बाजूस, डावीकडे ११ मिमी आणि उजवीकडे १७ मिमी मिळाले. दोन बाजूंत एवढा फरक का, हे त्या दिवशी कळले नाही. त्रिज्येत साडेसहा आणि रुंदीत ४ मिमीची वाढ धरली तर २०५/६५ बसेल पण डावीकडे अगदी जवळून जाईल, आणि २१५ ही डावीकडे जवळजवळ तितक्याच जवळून जाईल, असा निष्कर्ष काढला.

२२ फेब्रुवारी

दुकाने पालथी घातली. २१५/६० आर १५ हव्या त्या श्रेणीत आणि ताज्या तारखेचे कोठेच मिळेना, त्यामुळे तो पर्याय इथेच संपला. उलट २०५/६५ आर १५ प्रत्येक दुकानात रचून ठेवलेले आहेत, कारण जुन्या इनोव्हाचे माप हेच आहे. "ताई, इनोव्हाचाच साइझ आहे, डोळे झाकून घेऊन जा," असे एका दुकानदाराने सांगितले.

डोळे उघडे ठेवणे इथेच गरजेचे आहे. माप एक असले तरी इनोव्हासाठी म्हणून ठेवलेल्या बऱ्याच टायरवर ९४ च्या पुढे एस किंवा टी हे वेगाचे अक्षर होते, म्हणजे अनुक्रमे ताशी १८० आणि १९० किलोमीटरपर्यंतची क्षमता. ई २२० ताशी २०० च्या पलीकडे जाऊ शकते. त्या वेगाने ती कोणी पुण्यात चालवणार नाही. तरीही टायरची श्रेणी गाडीच्या क्षमतेवरून ठरवायची असते, कारण वेगाच्या अक्षराबरोबर टायरची अंतर्गत बांधणी आणि उष्णता सहन करण्याची ताकदही बदलते. निदान एच, म्हणजे २१०, आणि शक्य तर व्ही, म्हणजे २४०, एवढे पक्के ठरवले. आयएसआय चिन्ह असलेला, रुंद उभ्या खोबणींचा, ९४ व्ही असा एक टायर तिसऱ्या दुकानात मिळाला. किंमत एकास ७,४५० रुपये.

१ मार्च

चार टायर एकदम न घेता आधी एकच घेतला. इनोव्हाचे चाक उसने आणून लावून पाहता येत नाही, कारण तिच्या बोल्टांचे वर्तुळ ११४.३ मिमीचे आहे आणि आपले ११२ मिमीचे. म्हणून स्टेपनीच्या रिमवर नवा टायर चढवून घेतला आणि ते चाक गाडीच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने लावून पाहिले. दुकानदाराने याला तयार व्हावे म्हणून उरलेले तीन टायर त्याच्याकडूनच घेईन असा शब्द दिला होता. या कामातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी हीच आहे, आणि ती घाई असली तरी कोणी वगळू नये.

मागे काहीच अडचण नाही. पुढे उजवीकडेही नाही. पुढे डावीकडे, मागे घेताना स्टीअरिंग पूर्ण वळवले आणि तेच चाक उताराच्या कडेवर चढवले, तेव्हा अस्तराला हलका स्पर्श झाला. अस्तरावर आधीच शाडूच्या मातीचे पातळ थर लावून ठेवले होते, त्यामुळे टायर नेमका कोठे टेकतो हे स्पष्ट उमटले. वाकून पाहिल्यावर १५ फेब्रुवारीच्या कोड्याचे उत्तरही मिळाले : अस्तराच्या खालच्या दोन क्लिपा तुटलेल्या होत्या आणि प्लास्टिक पुढे लोंबत होते. दोष टायरच्या मापात नव्हताच.

४ मार्च

नाना पेठेतून क्लिपा आणल्या, ६० रुपये. अस्तर जागेवर बसवल्यावर डावीकडचे अंतर मूळ टायरसह १६ मिमी झाले. नवे चाक पुन्हा लावून, मागच्या आसनावर तीन माणसे बसवून, डिकीत सिमेंटच्या दोन गोण्या ठेवून सोसायटीच्या उतारावर तिरकी गाडी चढवली. कोठेही स्पर्श नाही. २०५/६५ निश्चित.

१५ मार्च

उरलेले तीन टायर आले, पण त्यांपैकी दोघांवर जवळजवळ दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. दुकानदाराचे म्हणणे होते की गोदामात सावलीत ठेवलेला टायर खराब होत नाही. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण पूर्ण किंमत मोजताना वर्षाच्या आतील टायर मागणे वाजवी आहे, आणि एकाच धुरीवर (अॅक्सलवर) वेगवेगळ्या वयाचे टायर नको होते. दोन्ही परत केले. या प्रकारात आठवडा गेला. तारीख पाहिल्याशिवाय टायर रिमवर चढवू देऊ नये, कारण एकदा चढवलेला टायर कोणीही परत घेत नाही.

२३ मार्च

जुने टायर उतरवले. चारही रिमच्या कडांवर, जिथे टायरची कड बसते तिथे, पांढरी बुरशीसारखी गंज-भुकटी जमलेली होती. वर्षानुवर्षे दर पंधरवड्याला हवा का भरावी लागे याचा खुलासा झाला. तारेच्या ब्रशने हलक्या हाताने आणि नंतर बारीक पॉलिश कागदाने कडा स्वच्छ करून घेतल्या. ग्राइंडर लावू दिला नाही, कारण त्याने धातूच खरवडला जातो. व्हॉल्व्ह चारही नवे.

पुढच्या उजव्या चाकाची आतील कड सुमारे २ मिमी वाकलेली निघाली. बाहेरून ती कधीच दिसली नसती. दुकानातील माणसाने गॅसची ज्योत लावून ठोकून सरळ करण्याची तयारी दाखवली, ती मी नाकारली : अलॉय रिमला कारखान्यात दिलेली उष्णताप्रक्रिया अशा ज्योतीने त्या जागी बिघडते आणि धातू तेवढ्यापुरता कमकुवत होतो. त्याऐवजी स्टेपनीची सरळ रिम, जिच्यावर पहिला टायर आधीच चढलेला होता, ती पुढे घेतली आणि वाकलेल्या रिमवर जुन्यांपैकी सर्वांत बरा टायर ठेवून तिची स्टेपनी केली. हवा धरून आहे.

बोल्ट न्यूमॅटिक गनने आवळू न देता टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने, ११० न्यूटन-मीटरला आवळले. या गाडीत नट नसून हबमध्ये जाणारे बोल्ट आहेत, आणि गनने अति आवळलेल्या बोल्टाने हबचे आटे गेले तर हबच बदलावा लागतो.

२५ मार्च

पहिली मोठी फेरी, वारजे ते कात्रज बाह्यवळण. ताशी ८५ ते ९५ च्या दरम्यान स्टीअरिंग थरथरते. त्याखाली आणि त्यावर शांत. नव्या टायरांवर हा अनुभव निराश करणारा होता, पण ठरावीक वेगालाच येणारी थरथर बहुधा बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाच्या वजनाच्या समतोलाची, असते, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

५ एप्रिल

पहिल्या दुकानात पुन्हा बॅलन्सिंग केले. यंत्र शून्य दाखवते, थरथर तशीच. मग दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या मिस्त्रींनी चाक यंत्रावर चढवण्याआधीच सांगितले की या चाकाच्या मधल्या भोकात यंत्राचा शंकू आतील बाजूने, हबच्या तोंडाकडून, बसला पाहिजे. बाहेरून, शोभेच्या टोपीच्या खोबणीत तो टेकवला तर चाक मध्यावर बसत नाही आणि यंत्र चुकीच्या मध्याभोवती शून्य दाखवते. तसेच त्यांनी हबच्या तोंडावरचा गंजाचा थर काढून मग चाके बसवली. थरथर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. १,४०० रुपये दिले आणि ते सार्थकी लागले असे मी मानते.

१९ एप्रिल

उरलेल्या थरथरीचे मूळ स्टीअरिंगच्या सांध्यांत निघाले. गाडी जॅकवर घेऊन पुढची दोन्ही चाके हाताने डावी-उजवी हलवली तेव्हा आयडलर आर्मच्या, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्यांना आधार देणाऱ्या भुजेच्या, बुशांत (सांध्यातील नळ्यांत) खेळ दिसला. डब्ल्यू १२४ मध्ये हे बुश झिजणे नित्याचेच आहे. जुन्या, अरुंद आणि कडक टायरांवर तो खेळ हाताला जाणवत नव्हता. टायर रुंद झाल्यावर रस्त्याच्या प्रत्येक चरीने चाक थोडे ओढले जाते आणि झिजलेला सांधा लगेच उघडा पडतो. बुशचा संच आणि मजुरी मिळून २,९०० रुपये. रुंद टायर घेण्याचा विचार असेल त्याने हे बुश, टाय रॉडचे (चाके वळवणाऱ्या दांड्यांचे) सांधे आणि स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे हादरे शोषणारा भाग) आधी तपासून घ्यावेत. नाहीतर सारा दोष टायरला लागेल.

२० एप्रिल

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, १,५०० रुपये. हे काम बुश बदलल्यानंतरच करायचे, आधी केले तर पैसे वाया. थरथर पूर्ण गेली. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग मध्यावर राहते.

४ मे

द्रुतगती मार्गावर जीपीएसशी वेग ताडून पाहिला. स्पीडोमीटर १०० दाखवत असताना खरा वेग सुमारे ९६ आहे. जुन्या टायरांवर तो ९३ होता. कागदावर दोनच टक्के वाढ असताना हा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास का, असे कोणी विचारील. जुने टायर ३ मिमीपर्यंत झिजलेले होते आणि नवे ८ मिमीचे आहेत, त्यामुळे व्यासात आणखी १० मिमीचा फरक पडला आहे. झिजलेल्या जुन्या टायरांशी नव्या मापाची तुलना करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. खऱ्या वेगापेक्षा काटा अजूनही जास्तच दाखवतो हे महत्त्वाचे. काटा कमी दाखवू लागला असता तर हे माप मी ठेवले नसते.

हवा पुढे ३० आणि मागे ३२ पीएसआय, टायर थंड असताना. इंधनाच्या झाकणाच्या आतील पट्टीवरील आकड्यांपासून सुरुवात करून, नक्षी मध्ये आणि कडांना सारखी झिजते आहे का हे खडूची रेघ ओढून पाहिले आणि मग हे आकडे कायम केले.

चालवण्यातील फरक असा : बोरघाटाच्या वळणांवर गाडी पूर्वीपेक्षा निश्चित स्थिर आहे, गतिरोधकांचा दणका मऊ झाला आहे, आणि जागेवरच्या जागी स्टीअरिंग वळवताना थोडा जास्त जोर लागतो. थांबलेल्या अवस्थेतून उचल किंचित मंदावली आहे, कारण चाकाचा घेर वाढला.

२९ जून

पावसातील नोंद वेगळी ठेवते, कारण रुंद टायर म्हणजे पावसात जास्त पकड असा समज सर्रास आढळतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना पकड खरोखर सुधारली आहे, आणि त्यात रुंदीपेक्षा नव्या रबराचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे. साचलेल्या पाण्याच्या बाबतीत मात्र रुंदी तोट्याची असते : रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि तो पाण्यावर लवकर तरंगू लागतो. नवले पुलाच्या उतारावर आणि बाह्यवळणाच्या सखल पट्ट्यांत म्हणून वेग पूर्वीसारखाच ५० च्या आत ठेवते. २०५ वर थांबल्याचे मला या पावसात समाधान वाटले.

१० ऑगस्ट

नक्षी मोजली. पुढे ७.४, मागे ७.५ मिमी; आतील आणि बाहेरील कडांत फरक नाही. त्याच बाजूची पुढची चाके मागे आणि मागची पुढे केली, बोल्ट पुन्हा ११० ला तपासले.

पेट्रोलचा हिशेब करताना ओडोमीटरचे किलोमीटर दोन टक्के कमी नोंदले जातात हे धरावे लागते. नोंदीप्रमाणे लिटरला ९ येते, दुरुस्त केल्यावर ९.२. रुंद टायरने मायलेज फार पडते असे म्हणणाऱ्यांपैकी काही जणांच्या हिशेबात ही दुरुस्ती राहून गेलेली असते.

५ ऑक्टोबर

खर्च : चार टायर २९,८००, व्हॉल्व्ह ४००, चढवणे आणि पहिले बॅलन्सिंग १,६००, रिम साफ करणे १,२००, दुसरीकडचे बॅलन्सिंग १,४००, आयडलर आर्म २,९००, अलाइनमेंट १,५००, क्लिपा ६०. जुन्या तीन टायरांचे ९०० वजा जाता ३७,९६० रुपये. मी टायर घेतले तेव्हा त्यांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबरपासून तो १८ टक्के झाला आहे, त्यामुळे मूळ दर तोच राहिला तर ७,४५० चा टायर आता सुमारे ६,८७० ला मिळायला हवा. दुकानात जुना दर सांगितला तर कराची ओळ दाखवायला सांगावी.

गाडीची पुनर्नोंदणी २०२६ मध्ये आहे. टायर कमानीच्या कडेबाहेर येत नाहीत हे ओळंबा सोडून पाहिले. चारही बाजूंना आतच आहेत.

स्टेपनी जुन्या मापाची आणि झिजलेली असल्याने तिचा व्यास इतर चाकांपेक्षा साडेतीन टक्के कमी आहे. मागच्या धुरीवर ती लावली तर डिफरन्शिअलला (दोन मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरला) सरळ रस्त्यावरही सतत काम करावे लागते. म्हणून मागचे चाक पंक्चर झाल्यास पुढचे चांगले चाक मागे लावायचे, स्टेपनी पुढे लावायची आणि सावकाश जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जायचे, अशी चिठ्ठी डिकीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. सरळ रिम मिळाली की पाचवा टायरही २०५/६५ चाच घेणार आहे. जुन्या बाजारात साडेसहा जे चा शिक्का असलेली, न वाकलेली रिम शोधणे चालू आहे.